साठीनंतर नाताळच्या भेटी कशा सुरू कराव्यात

निवृत्त झाले त्या वर्षीच्या डिसेंबरात मी आणि आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, दोघी एका वृद्धाश्रमात गेलो. हातात केकचे खोके होते, येशूविषयीच्या पत्रिकांचा गठ्ठा होता, आणि उत्साह तर विचारू नका. मी वीस मिनिटं बोलले. बेथलेहेम, गव्हाण, मेंढपाळ, सगळं सांगून झालं. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, "बाई, छान बोललात. आता जरा माझ्यापाशी बसा की." खाली रिक्षा थांबवून ठेवलेली होती. आम्ही बसलो नाही. पुढच्या नाताळला गेलो तेव्हा त्या खाटेवर दुसरं कुणी होतं.

त्यानंतर नऊ नाताळ झाले. दर वर्षी जाते, आता आमचा सात-आठ जणांचा गट झाला आहे आणि सगळे साठीच्या पुढचे आहेत. इतर मंडळ्यांतले लोक विचारतात, "आम्हालाही करायचंय, पण सुरुवात कुठून करायची? परवानगी लागते का? बोलायचं काय?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. जे आम्हाला चुकून चुकून कळलं, ते तुम्हाला आधीच कळावं.

"या वयात आपण काय करणार" असं म्हणणाऱ्यांना मी बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान उघडायला सांगते. नाताळाची गोष्ट सुरूच होते ती जखऱ्या आणि अलीशिबा या म्हाताऱ्या जोडप्यापासून. मंदिरात बाळाला हातात घेतो तो शिमोन, आणि तिथेच येऊन सगळ्यांना बाळाविषयी सांगत सुटते ती हन्ना. सात वर्षांचा संसार, मग वैधव्य, आणि वय ८४. संडे स्कूलच्या नाटकात मुलांना देवदूत आणि मेंढपाळ व्हायचं असतं, त्यामुळे ही मंडळी रंगमंचावर येतच नाहीत. पण ती गोष्टीत आहेत, आणि त्यांचं काम आपल्यासाठी राखून ठेवलेलं आहे असं मला मनापासून वाटतं.

१. आधी आपली साक्ष कागदावर उतरवा

साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं त्याची गोष्ट. हे काम नोव्हेंबरात करा. आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचे आठवडे, नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो; २०२६ साली तो २९ नोव्हेंबरला आहे. त्या रविवारी चर्चमध्ये आगमनकाळाची पहिली, आशेची मेणबत्ती लागेल, तोवर तुमचा कागद तयार हवा.

कागदावर एकच प्रसंग लिहायचा. सगळं आयुष्य नको. माझं माहेर नगरचं, वडील मिशनच्या शाळेत मास्तर, मग माझं शिक्षण, मग नोकरी, अशी सुरुवात केली की ऐकणारा तिसऱ्या मिनिटाला खिडकीबाहेर बघायला लागतो. स्वतःला एवढंच विचारा: माझी आशा संपली होती असा दिवस कोणता, आणि ती परत कशी आली?

मी सांगते ती गोष्ट अशी. आमचे हे ऑक्टोबरात गेले. त्या डिसेंबरात मी दारात तारा लावला नाही. पेटीतून काढलासुद्धा नाही. समोरच्या घरातला नऊ-दहा वर्षांचा मुलगा विचारायला आला, "आजी, या वर्षी तारा नाही?" त्याच्या घरी देवघर आहे, गणपती बसतो, पण आमचा तारा त्याला हवा होता. त्याने स्टूल घेतलं, वडिलांना बोलावलं आणि दोघांनी तारा लावून दिला. रात्री मी त्या उजेडात पायरीवर बसले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडून प्रार्थना निघाली. "प्रभू, मी इथे आहे." एवढीच. त्या रात्री मला झोप लागली.

माझी साक्ष संपली. तीन मिनिटं लागतात. यात चमत्कार नाही, मोठा शब्द नाही. तरी दर वर्षी कुणीतरी हात धरून म्हणतं, "आमचे हेसुद्धा दिवाळीच्या तोंडावर गेले."

लिहून झाल्यावर घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा आणि घड्याळ लावा. चार मिनिटांच्या वर गेलं तर कापा. ख्रिस्ती नसलेल्या एखाद्या मैत्रिणीला ऐकवलंत तर फारच चांगलं, कारण पुढची पायरी तिच्यावाचून जमत नाही.

२. मंडळीच्या मराठीतून घरच्या मराठीत या

आपण जन्मभर उपासनेत बसलेलो असतो, त्यामुळे आपले शब्द बाहेर वेगळे ऐकू येतात हे लक्षातच येत नाही. आमच्या गटातल्या एका काकांनी वृद्धाश्रमात सांगितलं, "प्रभूने माझं तारण केलं." समोर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी अगदी आस्थेने विचारलं, "घर तारण होतं का तुमचं?" त्यांची काहीच चूक नव्हती. मराठीत तारण म्हणजे कर्जासाठी गहाण टाकलेली वस्तू. त्या दिवसापासून आम्ही एक यादी केली:

"तारण झालं" ऐवजी "देवाने मला त्यातून सोडवलं", "बुडताना हात दिला".

"पुनर्जन्म" हा शब्द तर बाहेर वापरूच नका. ऐकणाऱ्याच्या मनात मरणानंतरचा पुढचा जन्म येतो. "मी आतून बदलले", "नव्याने जगायला लागले" म्हणा.

"साक्ष देते" म्हटलं की कोर्ट आठवतं. "माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगू का?" असं विचारा.

"सुवार्ता" कळते, पण "आनंदाची बातमी" जास्त जवळची वाटते.

आणि "पापी". या शब्दाची मला खरी भीती वाटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आधीच वाटत असतं की आपण काहीतरी केलं असेल म्हणून हे भोग आले. त्याच्यासमोर तुम्ही "आपण सर्व पापी आहोत" म्हणालात की तो ऐकतो, "मी पापी म्हणून मला लकवा झाला." योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बघून विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूचं उत्तर आहे: याने नाही, आणि याच्या आईबापांनीही नाही. आजारी माणसाला काही सांगायचंच असेल तर हे सांगा. एका आजोबांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली होती.

आपली भाषा या गोष्टीला परकी नाही, हेही ध्यानात ठेवा. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ साली गोव्यात राशोलला छापली गेली. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं आपण आजही पेटी-टाळांवर म्हणतो. वृद्धाश्रमात इंग्रजी कॅरोल म्हटली की लोक टाळ्या वाजवतात. भजन म्हटलं की लोक बरोबर म्हणायला लागतात. दुसऱ्या कडव्याला धृपद त्यांच्या तोंडात आलेलं असतं.

३. ठिकाण एकच निवडा

पहिल्या वर्षी आम्ही पाच ठिकाणांची यादी केली होती. त्या यादीनेच रिक्षा थांबवून ठेवायला लावली. नव्या गटाने एकच ठिकाण घ्यावं, घरापासून अर्ध्या तासाच्या आत, आणि तळमजल्यावरचं किंवा लिफ्ट असलेलं.

वृद्धाश्रमापासून सुरुवात सोपी पडते, कारण आपण तिथल्या लोकांच्याच वयाचे असतो. तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून उठलात की समोरचाही हसतो. निम्मी ओळख तिथेच होते. रुग्णालय थोडं अवघड असतं. अनाथाश्रम आणि तुरुंग यांचे नियम फार कडक असतात, आणि ते योग्यच आहे. ते पहिल्या वर्षी नको.

दिवसाबद्दल एक कळकळीची सूचना. २५ तारखेला जाऊ नका, आणि त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारीही नको. त्या दिवसांत कंपन्या, शाळा, क्लब सगळे येतात. एका दिवसात चार ठिकाणचे केक खाल्लेले लोक पाचव्या गटाला काय ऐकणार? डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार घ्या, दुपारी साडेतीन-चारची वेळ. झोप झालेली असते, चहा व्हायचा असतो.

४. परवानगी आणि कागद

तीन आठवडे आधी व्यवस्थापकांना फोन करा, मग स्वतः जाऊन भेटा. फोनवर "हो, या" म्हणणारा माणूस त्या दिवशी सुट्टीवर असतो, आणि दारातला वॉचमन तुम्हाला आत सोडत नाही. आमच्यावर ही वेळ आली आहे. सत्तरीची पाच माणसं पाऊण तास फाटकाबाहेर उभी होती. म्हणून परवानगी लेखी घ्या, किंवा निदान मेसेज तरी हातात ठेवा.

बरोबर न्यायचे कागद:

- मंडळीच्या लेटरहेडवर पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) किंवा सेक्रेटरींचं पत्र. त्यात येणाऱ्यांची नावं, तारीख, वेळ आणि काय करणार ते.
- प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स. रुग्णालयात बहुधा मागतात.
- मिळालेल्या परवानगीची प्रत.
- गटातल्या प्रत्येकाचा रक्तगट, चालू गोळ्या आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. ही कुणी मागत नाही. ती आपल्यासाठी असते.

पत्रात खरं लिहा. "सांस्कृतिक कार्यक्रम" असं लिहून आत गेल्यावर प्रार्थना सुरू करणं हा विश्वासघात आहे. आम्ही सरळ लिहितो: नाताळच्या शुभेच्छा, भजनं आणि रहिवाशांशी गप्पा, कुणी इच्छा व्यक्त केली तर प्रार्थना. असं लिहिल्यामुळे एका ठिकाणी नकार मिळाला. दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थापक म्हणाले, "तुम्ही स्पष्ट लिहिलंत म्हणून बोलावतोय."

आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. पण खाटेवर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, ही गोष्ट मला त्या कलमाहून आधी आठवते. जो उठून जाऊ शकत नाही, त्याला विचारल्याशिवाय काही ऐकवायचं नाही.

गाण्याच्या फेरीला स्पीकर न्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी बघा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही. सणाच्या ठरावीक दिवसांची सूट जिल्ह्याप्रमाणे जाहीर होते, ती पोलीस ठाण्यात विचारून घ्या. रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो, तेही विचारून घ्या. खरं तर आपल्या वयाच्या गटाला स्पीकर लागतच नाही. एक पेटी, टाळाची एक जोडी, खंजिरी पुरते.

५. गट आणि तब्येत

एका भेटीला चार जण पुरेत, सहाच्या वर नकोत. कुणीही एकटं जायचं नाही, आणि खोलीत कुणापाशी बसायचं असेल तर दार उघडं ठेवायचं.

डिसेंबरातली पुण्याची किंवा नगरची संध्याकाळ सोपी नसते. स्वेटर, कानटोपी बरोबर ठेवा आणि सात-साडेसातला घरी परता. मधुमेह असेल त्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी. आश्रमात चहा उशिरा आला तर चक्कर येऊ शकते. स्वतःला सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जाऊ नका, कितीही वाईट वाटलं तरी. तिथल्या माणसांना तुमचा साधा खोकला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. फ्लूची लस घ्यायची असेल तर डॉक्टरांना ऑक्टोबर-नोव्हेंबरातच विचारा, कारण तिचा परिणाम सुरू व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.

६. पिशवीत काय घ्यायचं

गोड कमी न्या. आश्रमात निम्म्या लोकांना साखर चालत नाही आणि उरलेल्यांना दात नसतात. चकल्या, करंज्या, कलकल यांचे डबे भरून नेण्याचा मोह मला अजून होतो. आमच्याकडे नाताळचा फराळ दिवाळीसारखाच होतो ना. पण मी व्यवस्थापकांना विचारून नेते आणि त्यांच्या हातात देते, परस्पर कुणाच्या तोंडात घालत नाही. खाण्यापेक्षा लोकरी मोजे, व्हॅसलिन, छोटी टॉर्च, मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर यांचा उपयोग जास्त होतो. कॅलेंडर तर फार आवडतं. त्यावर आम्ही पुढच्या भेटीच्या तारखेला लाल गोल करून देतो.

मोठ्या अक्षरांतल्या लूकच्या दोन-तीन प्रती असू द्या, पण पिशवीतच. मागितली तर द्यायची.

एक नियम आमच्याकडे कुणीही मोडत नाही: भेटवस्तू आधी, सगळ्यांना, सारखी. गाणी ऐकली म्हणून, प्रार्थनेला मान खाली घातली म्हणून काही द्यायचं नाही. खाऊ आणि प्रार्थना यांची गाठ कधीच बांधू नका. ती गाठ दिसली की तुमची साक्ष खोटी ठरते, मग ती कितीही खरी असो.

रोख पैसे घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत. फोटो काढायचे नाहीत. मंडळीच्या ग्रुपवर टाकायला एक फोटो हवा, असं तरुण मंडळी म्हणतात. त्यांना पेटीचा फोटो काढू द्या.

७. प्रत्यक्ष भेट: आधी बसा

आमचा क्रम आता ठरून गेला आहे. आत गेल्यावर नमस्कार, नाव सांगणं, आणि मग लगेच खुर्ची ओढून बसणं. उभ्याने बोललेलं खाटेवरच्या माणसाला वरून आल्यासारखं वाटतं. दोन भजनं. मग एकाने तीन मिनिटांची आपली गोष्ट सांगायची. फक्त एकानेच. पुन्हा एक भजन. हे सगळं वीस मिनिटांत उरकायचं आणि उरलेला पूर्ण तास प्रत्येकाने एका-एका माणसापाशी बसायचं.

तो तास हेच खरं काम आहे. गाणी त्यासाठी दार उघडून देतात.

काय विचारायचं? "कसं वाटतंय?" नको, त्याला उत्तर "बरंय" असं येतं. "तुमचं गाव कोणतं?" विचारा. गावाचं नाव निघालं की नदी निघते, शाळा निघते, सासर निघतं. मुलं कुठे असतात हे आपणहून विचारू नका. ती जखम बहुतेकांची ओली असते.

ऐकताना आपली गोष्ट मध्ये घुसवू नका. मी शिक्षिका होते, तीस-पस्तीस वर्षं मी बोलायचे आणि पोरं ऐकायची. गप्प बसायला शिकणं मला सगळ्यांत जड गेलं. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात म्हटलं आहे की तुमच्यातल्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे, आदराने द्या. मी हे वचन कितीदा वाचलं असेल, पण "कुणी विचारलं तर" हे शब्द साठीनंतर दिसले. विचारण्यासाठी समोरच्याला आधी बोलून मोकळं व्हावं लागतं.

आणि विचारतात. एका आजींनी तासभर सुनेबद्दल सांगितलं. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "तुम्हालाही कुणी नाही घरात, मग तुम्ही हसता कशा?" त्यांना मी तारा आणि पायरी सांगितली. प्रार्थना करू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "करा, पण माझ्या सुनेसाठी करा." आम्ही सुनेसाठी प्रार्थना केली.

काही गोष्टी कधीच बोलू नका. "विश्वास ठेवा, बरे व्हाल" असं वचन देऊ नका. ते आपल्या हातात नाही. औषध बंद करायचा सल्ला तर चुकूनही नको. दुसऱ्याच्या देवाबद्दल, पोथीबद्दल, उशाशी ठेवलेल्या तसबिरीबद्दल वाकडा शब्द नको. ज्याच्या घरी या वर्षी कुणी गेलं आहे त्याला "देवाला प्रिय झाले" म्हणून गप्प करू नका. गेलेल्याचं नाव विचारा आणि बोलताना ते नाव घ्या. आमचे हे गेले त्या नाताळला मला हेच हवं होतं. सगळे "ते" म्हणायचे, नाव कुणी घेत नव्हतं.

कुणी रडायला लागलं तर पाणी द्या आणि थांबा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाने तुम्हाला आपली बहीण समजलं तर वाद घालू नका, हात धरून बसा. जुनं भजन किंवा अभंग मात्र म्हणून बघा. नावं विसरलेली माणसं चाल विसरलेली नसतात.

८. शेजारी

लांब जाण्याआधी जिन्यातली दारं आठवा. दिवाळीत फराळाचं ताट आपल्याकडे येतं, नाताळला आपलं ताट जातं. ही रीत चालू असेल तर तुमचं अर्धं काम झालेलंच आहे.

दोन सावधगिऱ्या. डिसेंबरात बहुधा मार्गशीर्ष असतो. गुरुवारी पुष्कळ घरांत महालक्ष्मीचं व्रत असतं, त्या दिवशी अंड्याचा केक दारात घेऊन जाऊ नका. ताट शुक्रवारी न्या. आणि अंडं आहे की नाही हे विचारायच्या आत सांगा. आम्ही करंज्या आणि शंकरपाळ्या वेगळ्या डब्यात, बिनअंड्याचा केक वेगळा, असं करतो.

ताट नेऊन देण्यापेक्षा घरी बोलावणं जास्त चांगलं. गोठा मांडलेला असतो, मुलं येतात आणि विचारतात, "हे गाढव कशाला? बाळ गवतावर का झोपलंय?" नेमकं तेच सांगायचं असतं आपल्याला. मुलांना मात्र आईवडिलांच्या देखतच गोष्ट सांगा.

९. घराबाहेर पडता येत नसेल तर

आमच्या मंडळीतल्या एक आजी दोन वर्षं पलंगावर आहेत. त्यांच्या उशाशी एक वही असते, त्यात आठ नंबर मोठ्या आकड्यांत लिहिलेले. आगमनकाळात रोज सकाळी दहाला एक फोन. "आज तुझं नाव घेऊन प्रार्थना केली, अजून काय सांगू प्रभूला?" एवढंच बोलतात. ज्यांना हा फोन येतो ते त्याची वाट बघतात; मी त्यांतली एक आहे.

व्हॉट्सॲप वापरत असाल तर आलेली चित्रं पुढे ढकलू नका. चकाकणाऱ्या मेणबत्त्यांची पन्नास चित्रं सगळ्यांनाच येतात. त्याऐवजी माइकचं चिन्ह दाबून धरा आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या मेंढपाळांच्या चार ओळी स्वतःच्या आवाजात वाचून पाठवा, सुरुवातीला त्या माणसाचं नाव घेऊन. एक मिनिट पुरे. तुमचा आवाज थरथरत असेल तर थरथरू द्या.

नातवंडं परदेशात असतील तर वेळ आधी ठरवा. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे लंडनमध्ये दुपारचे दोन आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ. मराठी तुटक असलेल्या मुलांना लांब गोष्ट झेपत नाही. भजनाचं एकच कडवं शिकवा, दर रविवारी एक ओळ. चार रविवारांत कडवं होतं.

१०. फेब्रुवारीत परत जा

माझ्या मते ही पायरी बाकीच्या नऊ पायऱ्यांपेक्षा महत्त्वाची आहे, आणि बहुतेक गट ती गाळतात. २६ डिसेंबरला आश्रम रिकामे होतात. केक संपलेला असतो, फुगे बसलेले असतात, आणि पुढचे अकरा महिने कुणी येत नाही. तिथले एक आजोबा मला म्हणाले होते, "डिसेंबरात आम्ही फार लाडके असतो."

शिमोन आणि हन्ना यांची बाळाशी भेट कधी झाली ते बघा. मरीयेच्या शुद्धीकरणाचे दिवस पुरे झाल्यावर तिने आणि योसेफाने बाळाला यरुशलेमेला आणलं. नियमशास्त्राप्रमाणे ते दिवस चाळीस होतात. देवदूत केव्हाच निघून गेलेले होते, मेंढपाळ आपल्या कळपांकडे परतले होते. नाताळाच्या गोष्टीतला म्हाताऱ्यांचा भाग चाळीस दिवसांनी आहे. २५ डिसेंबरपासून मोजलं तर ती तारीख २ फेब्रुवारी येते, आणि कितीतरी मंडळ्यांत त्या दिवशी हा सण पाळला जातो.

आम्ही कॅलेंडरवर लाल गोल त्याच तारखेला करतो. त्या दिवशी केक नसतो, पेटीही नेत नाही. वहीत प्रत्येकाचं नाव, गाव आणि मागच्या वेळी काय सांगितलं ते लिहिलेलं असतं. जाताना रिक्षात ते वाचतो. आत गेल्यावर गावाचं नाव घेऊन हाक मारतो, खुर्ची ओढतो. रिक्षा थांबवून ठेवत नाही. पाठवून देतो, आणि निघायची वेळ झाली की दुसरी बघतो.